'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' मी का सोडलं

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे मँचेस्टरच्या एका क्लायंटचं काम आलं. जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये गेल्यावर त्या तपासायला तिकडच्या प्रमुख बाईंनी तीन दिवस धरले होते. मला आठ हवे होते. मी मेल लिहिला, 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' अशी सुरुवात करून. माझे काका मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतात. 'विथ ग्रेट रिस्पेक्ट, माय लॉर्ड' हे त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. याहून अदबशीर काही असेल असं मनातही आलं नाही.

उत्तर एका शब्दाचं आलं: 'नोटेड.' पुढच्या कॉलवर त्या माझ्याशी तुटकच बोलल्या.

आमचे सर इंग्लंडमध्येच, लीड्सला, सहा वर्षं राहून आलेत. मेल वाचून म्हणाले, "अगं, हे शब्द ऐकले की तिकडचा माणूस सावरून बसतो. आता टीका येणार, हे त्याला कळतं." मग त्यांनी 'ड्यू'वर बोट ठेवलं. वीजबिलावरच्या ड्यू डेटमधलाच हा ड्यू, म्हणजे देय. मान द्यायचा, पण देणं लागतो तेवढाच. मराठीत 'आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून' म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं. इंग्रजीत तो आदर मोजून दिल्यासारखा होतो. कोर्टात ती रीतच आहे, तिथे कुणी मनाला लावून घेत नाही.

त्या दिवसापासून मी तिकडून येणारे मेल वेगळ्या नजरेने वाचायला लागले. नकार देताना ही माणसं नेमकं काय लिहितात, ते वहीत उतरवून घ्यायचे. 'आय बेग टू डिफर', म्हणजे 'माफ करा, माझं मत वेगळं आहे', एकदाही सापडलं नाही. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, पण आजच्या मेलमध्ये ते भाषणातल्यासारखं आणि थोडं आव्हान दिल्यासारखं वाटतं. 'आय अॅम नॉट शुअर' मात्र पानोपानी. मी त्याचा अर्थ 'खात्री नाही' असाच घेत होते. पुष्कळदा तो सरळ 'नाही' असतो.

सर्वांत जास्त वेळ गेला दोन वाक्यांवर. 'आय सी युवर पॉइंट' आणि 'आय टेक युवर पॉइंट'. मला दोन्ही सारखीच वाटायची. पहिल्यात तुमचं म्हणणं कळलं, एवढंच. दुसऱ्यात ते मला पटलंय, त्यात तथ्य आहे, अशी कबुली आहे. पुढे 'बट' आला तरी ती कबुली पुसली जात नाही. जे पटलेलं नाही तिथे 'टेक' लिहिलं तर आपणच आपली बाजू सोडून देतो.

बोलण्यातली एक सवयही बदलावी लागली. आपण सहमत असतानाही 'नाही, म्हणजे तुमचं बरोबरच आहे' असं सुरू करतो. कॉलवर माझं 'नो, नो, यू आर राइट' व्हायचं आणि ऐकणाऱ्याच्या कानावर आधी 'नो'च पडायचा. 'आय हॅव अ डाउट'सुद्धा सोडलं. आपल्याला शंका विचारायची असते, तिकडे अविश्वास ऐकू जातो. आता मी 'क्वेश्चन' म्हणते.

आठवड्याभराने त्याच तीन दिवसांवर पुन्हा लिहायची वेळ आली. त्या मेलवर मी जवळपास तासभर बसले. 'आय सी व्हाय थ्री डेज लुक्स इनफ. आय अॅम नॉट शुअर इट कव्हर्स द ओल्डर रेकॉर्ड्स. कुड वी लुक अॅट एट?' खाली नोंदींचे प्रकार आणि प्रत्येकाला लागणारा वेळ मांडला. सर म्हणाले, "हे आकडे पहिल्याच मेलमध्ये हवे होते." खरंच हवे होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सुरुवातीलाच होतं, 'आय टेक युवर पॉइंट अबाउट द ओल्डर रेकॉर्ड्स.' पुढचं वाचायच्या आधीच मी सरांना हाक मारली.