तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीचे तुकडे चुकत कसे नाहीत?

गोधडी अंथरून दाखवली की हा प्रश्न येतोच. "एवढे तुकडे! कुठला कुठे लावायचा, हे तुमच्या लक्षात कसं राहतं?" लक्षात राहत नाही. ते काम मी दोऱ्यावर सोपवलंय.

माझ्या आजीला ही अडचण कधी आली नाही. ती जमिनीवर जुनं लुगडं अंथरायची, त्यावर थर द्यायची, ठिगळं थेट वर मांडायची आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायची. जिथे ठेवलं तिथेच ते ठिगळ शिवलं जायचं. मी मात्र वरचा थर मशीनवर जोडते. म्हणजे मांडलेला प्रत्येक तुकडा उचलून मशीनपर्यंत न्यायचा, आणि घोळ होतो तो एवढ्याशा वाटेतच. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीला ६ इंची चौकोन घेतले, तर १० तुकड्यांच्या १४ ओळी होतात. १४० तुकडे! कापताना ते साडेसहा इंची घ्यायचे, कारण चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातो.

आईच्या साड्यांची गोधडी करायला घेतली तेव्हा मी प्रत्येक तुकड्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती. काम आषाढात सुरू केलं आणि मध्येच राहिलं. गणपती झाल्यावर खोका उघडला, तर दमट हवेनं टाचण्या गंजलेल्या. तिच्या मोतिया वायलवर तांबूस ठिपके पडले होते. खूप धुतलं, ते गेले नाहीत. त्या साडीत ती शाळेत शिकवायला जायची. तेव्हापासून आठवडाभरापेक्षा जास्त राहणाऱ्या कामात मी टाचणी वापरत नाही. चिकटपट्टीही नको, चुकून तिच्यावरून इस्त्री फिरली की डिंक कापडात मुरतो. कापडावर बॉलपेननं आकडे तर कधीच घालू नका, पातळ सुतीवर ते उलट्या बाजूनं दिसतात.

आता मी तुकडे ओवते. मांडणी मनासारखी झाली की आधी मोबाइलवर फोटो काढते. मग ओळीतला अगदी उजवीकडचा तुकडा उचलायचा, त्यावर त्याच्या डावीकडचा, असं करत दहाही तुकड्यांची थप्पी करायची. सगळ्यात डावीकडचा वर येतो. जुन्या लग्नपत्रिकेचा दोन बोटं रुंद तुकडा कापून त्यावर पेन्सिलीनं ओळीचा आकडा लिहायचा. सुईत पांढरा दोरा दुहेरी घ्यायचा (रंगीत नको, ओल लागली तर रंग सोडतो), टोकाला जाड गाठ मारायची, आणि खालून आधी पत्रिकेचा तुकडा, मग एकेक चौकोन ओवत वर यायचं. वरचं टोक वीतभर मोकळं ठेवायचं. गाठ मारायची नाही. एका ओळीची एक माळ. १४० चिठ्ठ्यांच्या जागी १४.

सुई नेहमी तुकड्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून घालायची, कडेपासून पाव इंचाच्या आत. भोक शिवणीत लपतं. शिवाय दोरा ज्या कोपऱ्यात तो वरचा डावा, हे डोळे मिटूनही कळतं. साडीच्या बुट्ट्यांना, काठाला दिशा असते. एक कोयरी उलटी लागली तर पुरी ओळ उसवावी लागते.

शिवायला बसलं की वरून एकेक तुकडा सोडवून जोडत जायचं. ओळ पुरी झाली की तीच चिठ्ठी तिच्या डाव्या टोकाला एका कच्च्या टाक्यानं अडकवायची. तिचा पुढे इस्त्रीलाही उपयोग होतो. विषम ओळींच्या शिवणी मी उजवीकडे दाबते, समच्या डावीकडे. मग दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत चपखल बसतात आणि चारी कोपरे नेमके जुळतात.

माळा ठेवायला साडीच्या दुकानातला चपटा खोका मागून आणते. मध्ये जुन्या चादरीचे तुकडे घालते. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिकट कापडाला लागते. खर्च म्हणाल तर बॉबिनवर उरलेला दोरा.

मोतिया वायलचे ठिपके नसलेले तुकडे मी बाजूला ठेवले होते. अकरा निघाले. दहा आता सातव्या माळेत आहेत, आणि अकरावा मी आजीसारखा हातानं, धावदोऱ्यानं, गोधडीच्या पाठीला लावणार आहे.