रेझ्युमे लिहिताना: आधी कागदांची फाइल, मग कॉम्प्युटर

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, मिहानकडची गोदामं, शहरातली ऑफिसं, या सगळ्यांसाठी भरतीचं काम करताना रोज रेझ्युमे वाचतो आणि अनेकांचे नव्याने लिहूनही देतो. स्पेलिंग तपासा, एका पानात बसवा, हे सल्ले सगळीकडे मिळतात आणि ते चुकीचेही नाहीत. पण हातातोंडाशी आलेली नोकरी जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने: रेझ्युमेत एक लिहिलेलं आणि फाइलमधल्या कागदांवर दुसरंच. म्हणून मी वर्ड उघडण्याआधी समोरच्याची फाइल उघडायला लावतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, डिप्लोमा किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र, प्रत्येक कंपनीचं नियुक्तीपत्र आणि रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आणि पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. एवढं टेबलावर आलं की निम्मं काम झालं.

पहिलं भांडण नावाशीच असतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तोच क्रम रेझ्युमेत उतरवला की भरतीचं सॉफ्टवेअर आडनावालाच पहिलं नाव समजतं आणि मुलीला ‘डिअर वानखेडे’ असा मेल जातो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम ठेवावा. इंग्रजी स्पेलिंग मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच. वानखेडे की वानखडे, चौधरीत किती ‘ओ’ आणि किती ‘यू’, हे आधारवर वेगळं असेल तर आधार दुरुस्तीला टाकावं. रेझ्युमेत एक आणि अर्जात दुसरं असं ठेवू नये, पडताळणी करणारी एजन्सी तिथेच अडते.

दुसरं भांडण तारखांशी. ‘2021 ते 2023’ एवढंच लिहिलं तर ते जेमतेम वर्षभरही असू शकतं आणि तीन वर्षंही, म्हणून वाचणारा वाईट तेच धरतो. महिना लिहावाच. आणि तो आठवणीतून नाही, रिलीव्हिंग लेटरवरून. बऱ्याच कंपन्या आता यूएएनवरून (पीएफचा कायमचा क्रमांक) सर्व्हिस हिस्टरी मागतात. तिथे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर कागदोपत्री माणूस अजून तिथेच आहे आणि नवीन नोकरीशी तारखा एकमेकींवर चढतात. यासाठी जुन्या एचआरच्या मागे फिरायची गरज नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले की मेंबर पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मधून तारीख स्वतःला टाकता येते. तारीख मात्र रिलीव्हिंग लेटरवरचीच टाकावी.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो तो मुद्दा, कंत्राटी पगाराचा. पोरगा दोन वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या लाइनवर उभा असतो, टोपीवर त्यांचं नाव, बसवर त्यांचं नाव. पण पगार, पीएफ, ईएसआयसी सगळं मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून. रेझ्युमेत तो मोठ्या कारखान्याचं नाव लिहितो. त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं. पण पडताळणीत तो कारखाना ‘असा कर्मचारी आमच्याकडे नव्हता’ असंच सांगणार, कारण त्यांच्या पटावर तो नसतोच. सर्व्हिस हिस्टरीत ठेकेदाराच्या फर्मचं नाव असतं. झालं, खोटेपणाचा शिक्का. उलट टोकाला काही जण फक्त ठेकेदाराचं नाव लिहितात, मग वाचणाऱ्याला काम काय केलं तेच कळत नाही. मी हे एकाच ओळीत सरळ लिहायला लावतो: आधी ठेकेदार फर्मचं नाव, पुढे ‘तैनाती’ म्हणून कारखान्याचं नाव आणि विभाग, मग पद, मग महिना-वर्ष. मध्येच ठेकेदार बदलला आणि काम तेच राहिलं, असंही होतं. तेव्हा दोन्ही फर्म तारखांसह लिहायच्या आणि खाली ‘कामाचं ठिकाण आणि काम तेच’ एवढं जोडायचं, नाहीतर वर्षभरात दोन नोकऱ्या सोडणारा माणूस दिसतो.

अप्रेंटिसशिप यापासून वेगळी. अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ म्हणून काढलेलं वर्ष पीएफमध्ये दिसत नाही, कारण त्या मुलांना पीएफ लागूच होत नाही. ते नोकरीच्या अनुभवात मिसळलं की हिशेब जुळत नाही. त्याचा वेगळा मथळा करावा आणि करारपत्र किंवा राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हाताशी ठेवावं.

रिकामी वर्षं ही विदर्भातल्या रेझ्युमेंची खास गोष्ट. पदवीनंतर दोन-चार वर्षं एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक. ती लपवण्यासाठी पोरं काकांच्या दुकानाचं अनुभवपत्र आणतात, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. असले कागद पाहून पाहून आमचे डोळे तयार झालेले असतात. लपवायचं काही कारणही नाही. ‘ऑगस्ट 2021 ते मे 2023: स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी’ एवढी ओळ पुरते. पूर्वपरीक्षा पास झाली असेल तर परीक्षेचं नाव आणि वर्ष लिहावं. त्या काळात शिकवण्या घेतल्या, टंकलेखन केलं, तर तेही. जीसीसी-टीबीसी (शासनाची संगणक टंकलेखन परीक्षा) झालं असेल तर ‘टायपिंग येतं’ असं मोघम न लिहिता मराठी 30, इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट असं लिहावं, डेटा एंट्रीच्या आणि ऑफिस असिस्टंटच्या जागांना याची किंमत आहे. एमएस-सीआयटी लिहायला हरकत नाही, पण ते आता इतक्यांकडे असतं की त्यासाठी एकाच ओळीतला एक कोपरा द्यावा.

शिक्षणाच्या रकान्यात ‘नागपूर युनिव्हर्सिटी’ असं अर्धवट नाव नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे पूर्ण नाव आणि सोबत कॉलेजचं नाव, दोन्ही. व्हीएनआयटी (नागपूरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) स्वतःची पदवी देते, तिथे विद्यापीठाचं नाव जोडायचं नसतं. डिप्लोमावाल्यांनी तंत्रशिक्षण मंडळ लिहावं. सीजीपीए असेल तर स्केलसकट, 7.8/10 असा. मनाने 10 किंवा 9.5 ने गुणून टक्के काढू नयेत, विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच वापरावं. एटीकेटी (नापास होऊन राहिलेले विषय) शिल्लक असेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ म्हणून चालत नाही, कारण ते वेगळं आहे आणि पहिल्याच मुलाखतीत विचारतात.

कामाच्या ओळी लिहिताना लोक पद लिहून थांबतात. सीएनसी ऑपरेटर म्हणजे नेमकं काय? जॉब लावून बटण दाबणारा, की ऑफसेट घेणारा, टूल बदलणारा, प्रोग्राममध्ये किरकोळ दुरुस्ती करणारा? दुसऱ्या माणसाला सेटरची जागा मिळते आणि पगारात चांगला फरक पडतो. म्हणून मशीनचा प्रकार, कंट्रोल (फॅनुक की सीमेन्स), कुठला मटेरियल, किती टॉलरन्सवर काम, मोजायला व्हर्निअर की मायक्रोमीटर, शिफ्टला किती नग, हे लिहावं. अकाउंट्सवाल्याने ‘टॅली येतं’ ऐवजी महिन्याला साधारण किती व्हाउचर, जीएसटीआर-1 आणि 3बी स्वतः भरलं की फक्त डेटा काढून सीएला दिला, जीएसटीआर-2बीशी खरेदीची जुळवणी केली का, बँक रिकन्सिलिएशन किती खात्यांचं, हे सांगावं. गोदामातल्या माणसाने रोजच्या गाड्या, एसकेयूंची (मालाच्या वेगवेगळ्या प्रकारांची) संख्या, आणि सॅपमध्ये मिगो (माल आल्याची नोंद) स्वतः टाकत होता का, तेवढं लिहिलं तरी पुरे. आकडा नक्की माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहावं. फुगवलेला आकडा तोंडी दोन प्रश्नांत उघडा पडतो. एक्सेलपुढे पाचातले चार तारे काढण्यापेक्षा ‘व्हीलुकअप, पिव्होट टेबल’ लिहिलेलं बरं. ते तारे दिले कुणी?

वरच्या भागाबद्दल मी जरा कडक आहे. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान’ हा उद्देश नागपुरातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तयार पडलेला असतो. तो काढून दोन ओळी टाकाव्यात: काय काम, किती वर्षं, कुठली जागा हवी. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, तळाशी प्रतिज्ञापत्र आणि सही, हे लग्नाच्या बायोडाटातून इकडे आलेलं सामान आहे, खासगी नोकरीला लागत नाही. आधार आणि पॅन क्रमांक तर कधीच नको. रेझ्युमे दहा अनोळखी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पूर्ण पत्ताही नको, पण भाग जरूर लिहावा. ‘मानेवाडा, नागपूर’ वाचलं की कंपनीची बस त्या बाजूने जाते का, माणूस रोज बुटीबोरीला वेळेवर पोचेल का, हे एचआरला लगेच कळतं. शिफ्टची किंवा पुण्याला जाण्याची तयारी असेल तर तीही तिथेच.

मग येतं पानाचं रूप. कॅनव्हावरचा दोन कॉलमचा, चिन्हांचा, रंगीत पट्टीचा रेझ्युमे मोबाइलवर देखणा दिसतो, पण काही सॉफ्टवेअर तो आडवा वाचतात आणि डाव्या कॉलममधली कौशल्यं उजव्या कॉलममधल्या कंपनीच्या नावात घुसतात. वर्डच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही ठिकाणी वाचलाच जात नाही. मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ चित्र, त्यात अक्षरं नसतातच. तपासायची सोपी रीत आहे. पीडीएफ उघडून कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करावं आणि नोटपॅडमध्ये चिकटवावं. मजकूर वरून खाली नीट वाचता आला तर ठीक, कालवा झाला तर सॉफ्टवेअरलाही तेच दिसतं. मराठी रेझ्युमे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर इथे इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर पडते. मराठीसाठी युनिकोडच.

बाकी रूप साधं: ए4 पान (वर्डमध्ये कधी कधी ‘लेटर’ आकार ठरलेला असतो, तो बदलावा), चहूबाजूंनी 2 सेंटीमीटर समास, मजकूर 10.5 किंवा 11 पॉइंट, एकच कॉलम, नवी नोकरी वर. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान, पुढे दोन. समास कमी करून, अक्षर 9 वर आणून एका पानात कोंबू नये, छापून वाचणारे साहेब बहुधा चष्म्यातले असतात.

फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल 3’ असं नाव नको. स्वतःचं नाव आणि पद, बस. मेलच्या विषयात पद आणि जाहिरातीतला क्रमांक, आणि मजकुरात नोटीस किती दिवसांची, आत्ताचा पगार किती. इथे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार वेगळे लिहावेत. ठेकेदाराकडचा पोरगा बहुधा हातातलाच आकडा सांगतो आणि नवीन कंपनी तोच सीटीसी धरून वाढ देते, मग पहिल्या पगाराला भांडण. पगारपावतीवर कंपनीचा पीएफचा वाटा दिसत नसेल तर आधी विचारून घ्यावा आणि मगच आकडा लिहावा.