लग्नाची छायाचित्रे काढायला लागले तेव्हा

मुंबईत फोर्टमधल्या एका कार्यालयात सात वर्षे हिशेब सांभाळल्यानंतर मी लग्नाच्या छायाचित्रणाकडे वळले, तेव्हा चांगला कॅमेरा हाती आला की पुढचे सारे जमेल, अशी माझी समजूत होती. बोरा बाजारात तीन शनिवार घालवून मी वापरलेला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स घेतली. एकाच वेळी दोन कार्डांवर छायाचित्रे साठवणारा कॅमेराच घ्यायचा, ही अट मी सोडली नाही, आणि त्या खरेदीतला तेवढाच निर्णय शहाणपणाचा ठरला.

काम मिळाले ते दादरच्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांची मदतनीस म्हणून. त्यांना सगळे काकाच म्हणत. पहिले काही महिने फ्लॅश धरणे, बॅटऱ्या चार्ज करणे आणि स्टेजवर फोटोसाठी नातेवाइकांना गोळा करणे, एवढेच माझ्याकडे होते. शेवटचे काम वाटते तितके सोपे नसते. आत्या सापडली की तिचे यजमान पंगतीत बसलेले असतात.

तिसऱ्या लग्नात काकांनी मला वधूच्या बाजूने अंतरपाटाचा क्षण टिपायला उभे केले. प्रत्येक मंगलाष्टकानंतर ‘सावधान’ झाले, अक्षता उडाल्या की मी हौसेने फ्लॅशसह सात-आठ छायाचित्रे काढत गेले. प्रत्यक्ष अंतरपाट दूर होऊन वाजंत्री सुरू झाली तेव्हा फ्लॅश पुन्हा चार्ज होत होता आणि माझ्यासमोर मामांची पाठ व पुढे सरसावलेले पाच-सहा मोबाइल होते. काका रागावले नाहीत. परतताना दादर स्थानकाच्या पुलावर एवढेच म्हणाले, “अगं, तुझं सगळं लक्ष कॅमेऱ्यात होतं. कान गुरुजींकडे ठेवायचे.”

त्यानंतर मी प्रत्येक लग्नाआधी गुरुजींना भेटून विधींचा क्रम लिहून घेऊ लागले, कारण तो घराघरांत आणि गुरुजींगणिक बदलतो. ‘तदेव लग्नम्’ सुरू झाले की बहुधा अंतरपाट दूर होण्याची वेळ आलेली असते. ते शब्द कानावर पडताच मी थांबते, फ्लॅश पूर्ण चार्ज होऊ देते आणि स्टेजच्या कडेला खाली बसते. मामांना अर्धे पाऊल मागे राहण्याची विनंती आधीच केलेली असते. वधूच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळण्याचा विधी तर दोन-तीन सेकंदांत संपतो, त्यामुळे तो कधी होणार हे ठाऊक असल्याशिवाय हाती लागत नाही.

कॅमेऱ्याचे शिक्षणही मंगल कार्यालयांतच झाले. स्वस्त एलईडी दिव्यांखाली शटर १/४०० सेकंदावर ठेवले की छायाचित्रावर काळसर पट्टे उमटत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात; म्हणून तिथे मी शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवते. छत पांढरे असेल तर फ्लॅश त्यावर परावर्तित करावा, पण गुलाबी किंवा सोनेरी छताखाली तसे केले तर पिवळ्या अष्टपुत्रीचा रंगच बदलतो.

कागदपत्रांत फारसे अडले नाही. मोजकेच कामगार असलेल्या व्यवसायाला महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार ऑनलाइन सूचना देणे पुरते, आणि सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. खरा संकोच पैसे मागताना वाटे. ओळखीच्या एका कुटुंबाने अल्बम घेतल्यावर उरलेली रक्कम चार महिने लांबवली. तेव्हापासून कामाचे तास, अल्बमची पाने आणि हप्त्यांच्या तारखा एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय मी तारीख राखून ठेवत नाही.

मुलुंडचे पहिले स्वतंत्र लग्न आटोपून रात्री साडेअकराला भांडुपच्या घरी पोहोचले, तरी झोपण्याआधी सगळी छायाचित्रे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवली. अल्बम पोहोचेपर्यंत कार्डे पुसायची नाहीत, हा नियम तेव्हापासून पाळते. चातुर्मासात मुहूर्त अगदी विरळ असतात, त्यामुळे त्या काळात बारशी आणि डोहाळजेवणांवर भागवावे लागते. यंदा तुळशीच्या लग्नानंतरच्या पाच तारखा ठरल्या आहेत. लांबचे टिपणारी ७०-२०० मिमीची लेन्स मात्र अजून भाड्यानेच आणते.