कौटुंबिक न्यायालयात तारखेला जाताना

कोर्ट अकराला बसत असेल तर साडेदहालाच पोहोचा. आधी बोर्डावर आपला केस नंबर शोधा, म्हणजे पुकारा (नाव घेऊन आत बोलावणं) साधारण कधी होईल ते कळतं. पुकाऱ्याला तुम्ही कॅन्टीनमध्ये असलात, तर अर्ज गैरहजेरीमुळे निकाली निघू शकतो किंवा एकतर्फी आदेश होऊ शकतो. मोबाइल सायलेंटवर नको, बंदच करा.

खरी कसोटी उलटतपासणीत. प्रश्न समोरच्या बाजूचे वकील विचारतात; उत्तर न्यायाधीशांकडे बघून सावकाश द्या, कारण ते टाइप होत असतं. ‘पगार किती?’ विचारलं, तर आकडा सांगा आणि थांबा. सासरचं गाऱ्हाणं त्याला जोडलंत की समोरच्या वकिलांना आयते नवे प्रश्न मिळतात. आठवत नसेल तर तसंच सांगा. सहीआधी जबाब वाचा. तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे सांगा, नंतर फार जड जातं.

परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात (हिंदू विवाह कायदा, कलम 13-ब) सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे ही मुदत माफ होऊ शकते, पण आपोआप नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. शेवटच्या तारखेला न्यायाधीश दोघांनाही विचारतात, संमती स्वखुशीची आहे ना? त्या वेळी आईवडिलांच्या तोंडाकडे बघू नका.