ताप नाही, थर्मामीटर खराब

रात्री दीडला फॅन परत फुल स्पीडवर सुटला, आणि लॅपटॉप हाताला गार! प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर ४१ डिग्री दाखवत होता.

शेवटी लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, ईसी_सिस मॉड्यूल लोड केलं, डीबगएफएसमधून (कर्नलच्या आत डोकावायची फाइल-सिस्टीम) एम्बेडेड कंट्रोलरचे, म्हणजे फॅन, बॅटरी, कीबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या चिपचे, २५६ बाइट्स स्क्रीनवर आणले आणि दर सेकंदाला बघत बसलो. लिहायची परवानगी वेगळी द्यावी लागते ती दिलीच नाही, भलत्या बाइटवर काही लिहिलं गेलं तर चार्जिंगच बंद पडायचं.

झाकण जरा हलवलं आणि एकच बाइट २६ वरून थेट ७एफ. हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला) २६ म्हणजे ३८ डिग्री, ७एफ म्हणजे १२७. सेन्सरचं कनेक्शन तुटलं की तापमान मोजणाऱ्या बऱ्याच चिप हाच आकडा देतात, आणि तो खरा मानून फॅन सुटत होता.

सकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ताप नाहीच, थर्मामीटर खराब आहे."

अगदी तेच! दुरुस्तीवाल्याने मात्र लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं. हा छोटासा कंट्रोलर सगळं सांगत असतो हो, कोणीतरी विचारायला हवं.

असे किती चांगले लॅपटॉप भंगारात गेले असतील?