पुणे ते इरुंगाट्टुकोट्टै: ब्रेक शिकायला केलेला प्रवास

धायरी-वडगावच्या माणसाला ब्रेकचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. त्या बातमीनंतर मला एक प्रश्न सतावायला लागला. समोर अचानक काही आलं आणि मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला, तर माझी गाडी नेमकं काय करेल? इतकी वर्षं गाडी चालवूनही मी ते कधी करून पाहिलेलं नव्हतं. भर रस्त्यात करून पाहण्यासारखं ते नाहीच. त्यासाठी रेसट्रॅक हवा.

योग असा की, नवले पुलावरून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, वेल्लोर करत चेन्नईला पोचतो, आणि चेन्नईच्या जरा अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै गावात मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. अकराशेहून जास्त किलोमीटर, पण रस्ता घरापासूनच सुरू होतो. तिथं नवशिक्यांसाठी ट्रॅक डे होतो हे कळल्यावर मी नाव नोंदवलं. मावसभाऊ म्हणाला, "ताई, मीही येतो, हायवेवर अर्धी गाडी मी चालवीन."

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो आणि नवशिक्यांच्या गटात घड्याळही लावत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांची सत्रं असतात, शेजारी प्रशिक्षक बसतो आणि ओव्हरटेकिंग फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्या चालकाने हाताने इशारा दिल्यावरच.

माझी गाडी साधी फोक्सवॅगन पोलो, एक लिटरचं टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद ११० पीएस, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. नाव नोंदवलं म्हटल्यावर ओळखीच्या प्रत्येकाने सल्ला दिला: इंजिनचं रीमॅप कर (म्हणजे संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढव), एक्झॉस्ट बदल, स्प्रिंग खाली घे. मी यातलं काही केलं नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुणीही करू नये असं माझं ठाम मत आहे. गाडी मुळात कशी वागते हेच माहीत नसताना ती बदलली, तर काय शिकलो आणि काय बदललं यांचा हिशेब लागत नाही. सगळे पैसे ब्रेकवर आणि टायरवर खर्च करायचे.

माझ्या गॅरेजवाल्या भाऊंनी झाकण उघडून ब्रेक ऑइल पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे रस्त्यावर अजून चालेल. ट्रॅकवर पेडल थेट खाली जाईल." यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. तेच पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि चाकाची चकती पकडणाऱ्या ब्रेक पॅडपर्यंत काही पोचत नाही. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांचंही हेच होऊ शकतं. म्हणून ऑइल पूर्ण बदललं, चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली, पुढचे पॅड नवे टाकले आणि ते बसण्यासाठी काही दिवस शहरात चालवले. अगदी नवे पॅड घेऊन थेट ट्रॅकवर उतरायचं नसतं.

उष्णता इतकी का होते? वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. म्हणजे १४० वरून ७० वर यायचं तर तीन चतुर्थांश ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ट्रॅकवर हे पुढच्या वळणाला लगेच पुन्हा करायचं असतं. हायवेवर दिवसभरात असा ब्रेक एकदाही लागत नाही.

टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं असू शकतं, म्हणून तीही पाहिली. पोलोला नट नाहीत, व्हील बोल्ट आहेत, ते १२० न्यूटन-मीटरला घट्ट करायचे. पान्यावर उभं राहून आवळणाऱ्या पंक्चरवाल्यावर हे सोपवू नये, टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की कळवणारा पाना, विकत घ्यावा. शिवाय इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीची पट्टी, कुठं गळती नाही ना, हे सगळं भाऊंनी गाडी लिफ्टवर चढवून दाखवलं.

विम्याचं मात्र लोक बोलत नाहीत, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यात संघटित शर्यती व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला, असंच धरून चालायचं. तो परवडणार नसेल तर ती गाडी न्यायची नाही. माझी ड्रायव्हिंगची मर्यादा या एका वाक्याने आखून दिली.

उरलेली तयारी स्वतःच्या शरीराची. मी सीट नेहमी खूप मागे ठेवून चालवायची. प्रशिक्षकांनी आधीच पाठवलेल्या सूचनांत बसण्याची रीत होती: पाठ पूर्ण टेकलेली, ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला, खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, आणि हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की स्टिअरिंगला धरून राहण्याची गरज संपली आहे आणि रस्त्याची थरथर तळहातांना कळते आहे. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं, कपडे सुती आणि लांब बाह्यांचे, बूट पातळ तळाचे. जाड तळाच्या स्पोर्ट्स शूजमधून पेडल कळत नाही.

आम्ही जानेवारीत निघालो. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मे महिन्यात डांबर तापून टायरचे हाल होतात, त्यामुळे हाच काळ उत्तम. पहाटे खंबाटकी ओलांडली, कोल्हापूरला मिसळ खाल्ली. चित्रदुर्गच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या लांबूनच दिसायला लागतात. बंगळूरच्या वाहतुकीविषयी लिहिण्यासारखं नवीन काही नाही. मुक्काम होसूरला केला.

दुसऱ्या दिवशी कृष्णगिरी सोडलं आणि वेल्लोरच्या टेकड्या दिसल्या. शिवछत्रपतींच्या १६७७ च्या दक्षिण मोहिमेत मराठ्यांनी वेल्लोरच्या भुईकोटाला वेढा घातला, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या टेकड्यांवरच्या दुर्गांना साजरा-गोजरा अशी नावं दिली. पुण्यापासून आपण जो पल्ला एसी लावून दीड दिवसात गाठतो, तो घोड्यावरून गाठलेल्या माणसांची आठवण होऊन मी बराच वेळ गप्प होते. भावाने गाडी हळू केली, आम्ही दोघांनी त्या डोंगरांकडे हात जोडले.

श्रीपेरुंबुदूरचा परिसर आता कारखान्यांचा आहे. ह्युंदाईचा मोठा कारखाना याच भागात आहे. ट्रॅक मात्र त्याहून जुना. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. पूर्वी त्यांच्या शर्यती चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या ओसाड धावपट्टीवर होत. मग क्लबने स्वतःची जमीन घेतली आणि १९९० मध्ये हा ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक सुरू झाला. मोठ्या कंपनीने किंवा सरकारने नव्हे, शौकिनांच्या एका क्लबने ट्रॅक बांधावा आणि इतकी वर्षं चालवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याने पहिली शर्यत इथंच चालवली. त्याच डांबरावर आपली चाकणची पोलो उभी आहे हे पाहून उर भरून आला.

सकाळी तपासणी. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, सगळं बाहेर. जोराच्या ब्रेकमध्ये सैल वस्तू पेडलखाली येते, आणि तिथं आलेली एक बाटली पुरेशी असते. डॅशबोर्डवरचा गणपती मी हळूच सोडवला, रुमालात गुंडाळला आणि भावाच्या हाती दिला. तो दिवसभर त्याने खिशात जपला.

मग निशाणांचा वर्ग. पिवळं दिसलं की वेग कमी आणि ओव्हरटेकिंग बंद, लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परत, निळं म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. हे घरी पाठ करून जावं, कारण हेल्मेटमध्ये, घामात, आठवायला वेळ मिळत नाही. प्रत्येक वळणाच्या कडेला उन्हात उभे राहणारे मार्शल दिवसभर आपल्यासाठी ही निशाणं सांभाळतात. सत्र संपल्यावर त्यांना हात दाखवून आभार मानायची इथं पद्धत आहे, ती मला मनापासून आवडली.

प्रशिक्षक साठीच्या आसपासचे, लहानपणी शोलावरमच्या शर्यती पाहिलेले. पहिल्या फेऱ्या त्यांनी हळू चालवायला लावल्या. वळणांवर शंकू ठेवलेले होते: एक ब्रेकचा, एक वळायला सुरुवात करण्याचा, एक आतल्या कडेला टेकण्याचा, एक बाहेर पडण्याचा. "मॅडम, पहिल्या शंकूवर असताना दुसऱ्याकडे बघा, दुसऱ्यावर असताना तिसऱ्याकडे," हे ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होते. नजर जिथं जाते तिथं हात आपोआप जातात, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि नजर पुढे टाकताच गाडीचं डगमगणं थांबल्याचं अनुभवणं वेगळं.

आणि मग ब्रेक. रस्त्यावर आपण पाय हलका ठेवतो आणि गाडी थांबत आली नाही असं वाटलं की दाब वाढवत जातो. ट्रॅकवर याच्या बरोबर उलट. गाडी सरळ असताना, वेग सर्वांत जास्त असताना, सगळा दाब सुरुवातीला द्यायचा. हिसका नाही, पिळल्यासारखा, पण पूर्ण. मग वळण जवळ येईल तसा पाय हळूहळू उचलायचा. कारण टायरकडे पकड ठरावीकच असते. ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. वळायचं असेल तेवढी ब्रेकमधून परत घ्यायची. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, पुढची चाकं जमिनीला घट्ट चिकटतात. पाय एकदम सोडला तर ते वजन तितक्याच झटक्यात मागे जातं. हे वजन सांभाळणं म्हणजेच गाडी चालवणं, असं ते म्हणाले.

पूर्ण दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरलं, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस कामाला लागलं, पट्टा छातीत रुतला आणि शंकूच्या खूप आधी गाडीचा वेग उतरला. माझा श्वास अडकला होता. इतक्या कमी अंतरात! पुण्याहून निघताना मनात असलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं, आणि ते माझ्या पायाला मिळालं होतं.

सत्राची शेवटची फेरी नेहमी ब्रेक न लावता, थंड होण्यासाठी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ठोकळा लावायचा. लगेच हवा मोजायची. सकाळी ३३ पीएसआय होती, ती ३९ वर गेलेली. गरम असतानाच थोडी काढली. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्या होत्या. त्या किती पुसल्या गेल्या यावरून टायर किती कलंडतो ते दिसतं. दोन सत्रांमध्ये पाणी पीत राहावं आणि जेवण हलकं ठेवावं. दुपारच्या सत्रात माझी एकाग्रता ओसरल्याचं प्रशिक्षकांना माझ्या आधी कळलं आणि त्यांनी वेळ शिल्लक असताना आत बोलावलं. असा माणूस शेजारी असणं, हा नोंदणीच्या पैशांचा सर्वांत मोठा मोबदला.

परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवलाच पाहिजे. थकलेल्या अंगाने अकराशे किलोमीटर निघू नये, आणि गाडीलाही तपासणी लागते. चेन्नईत पॅड काढून पाहिले. अर्ध्याहून कमी झाले होते, तरी घरी पोचायला पुरेसे होते. ब्रेक ऑइलची पातळी ठीक, बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, हवा रस्त्याच्या मापाला आणली, गणपती जागेवर बसवला.

आता डोळ्यांसमोर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. मारुतीचं इंजिन वापरून स्वस्तातल्या सिंगल-सीटर रेसकार बांधणाऱ्या आणि १९९५ मध्ये विमान अपघातात गेलेल्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा. कार्तिकेयनची ती पहिली शर्यतही त्यांच्याच फॉर्म्युला मारुतीमधली. भाऊंना मी पॅडचा नवीन सेट आणून ठेवायला सांगितलं आहे, आणि मावसभावाने या वेळी स्वतःचंही नाव नोंदवलं आहे.