छान आहे हो

मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा.

शिवणाचं छोटं मशीन खोक्यात घालून ठेवलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. झोप येत नाही म्हणून, दुसरं काही नाही.

"छान आहे हो." शेजारच्या वहिनी एवढंच म्हणाल्या. दारातूनच. त्यांना वाटी परत द्यायची होती, ती दिली, टेबलाकडे पाहिलं, थोडं वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या. त्यातला तो 'हो' मला दुपारपासून छळतोय. नुसतं 'छान आहे' म्हणाल्या असत्या तर मी चहा टाकला असता.

११५० रुपये. त्यात मशीन, ऍडॅप्टर, पायाने दाबायचं बटण, चार बॉबिनी आणि एक इवलासा दिवा. सेलवरही चालतं, पण कार्डाचा कागद म्हटला की सेलवर नुसतं कण्हतं. वहिनींनी भिंतीपलीकडे तीस वर्षं पायमशीन चालवलं. आमच्या मजल्यावर दुपार व्हायची ती त्या आवाजाने. त्यांच्यापुढे हे म्हणजे भातुकलीच. मला कळत नाही का?

ह्यांनी खोकं बघून पहिला प्रश्न विचारला, "परत करता येतं का?" ते असो.

मिनूच्या डोहाळजेवणाची पंचवीस कार्डं करायची आहेत. कागदाचा झोपाळा कापून चिकटवायचा आणि त्याच्या दोऱ्या खऱ्या दोऱ्याने, मशीनवर शिवायच्या. कल्पना माझीच. अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाऊन कागद आणला, घामाघूम होऊन. पहिल्या कार्डावर टीप मारली तर वरून झकास आणि खाली दोऱ्याचं हे एवढं जाळं. दुसऱ्यालाही तेच. तिसरं पातळ कागदाचं घेतलं, तर टिपेवरच फाटलं, पोस्टाच्या तिकिटासारखं. ह्या मशीनचा टाका लहान-मोठा करता येत नाही. कापडाला बारीक टाका शोभतो, कागदाला म्हणजे भोकांची रांगच की. एकदा पडलेलं भोक उसवून बुजत नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या.

म्हणजे त्यांनी जाळं पाहिलं. फाटलेलं कार्डही पाहिलं. आणि वाकल्या तेव्हा... आत्ता, अकरा वाजता, मला जे दिसलं ते त्यांना तेव्हाच दिसलं असणार. वर-खाली होणारी जी दांडी असते तिच्या भोकातून दोरा ओवायचाच राहिला होता. तो तिथून गेला नाही की वरचा दोरा ओढला जात नाही, सगळा खाली साठतो. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला हे दिसलं नाही? दिसलंच. तरी बोलल्या नाहीत. का? शिकवायचं नव्हतं, की मला लाज वाटू नये म्हणून? की त्यांनाही वाटलं, खेळतेय तर खेळू दे?

दोरा ओवून पाहिला आत्ता. जाड कार्ड घेतलं, चाक हाताने फिरवत, एकेक टाका. उलटी टीप घालायची नाही, दोऱ्याच्या शेपट्या मागे काढून गाठ मारायची आणि वर चिकटपट्टी. सरळ आली. अगदी सरळ नाही, पण झोपाळ्याची दोरी कुठे सरळ असते?

मग ब्लाउज आठवला. कुठून आठवला देव जाणे. मोरपंखी, धाकट्या नणंदेच्या लग्नातला. वहिनींनी नुकतंच बाहेरचं शिवण घ्यायला सुरुवात केली होती आणि मी त्यांची पहिली किंवा दुसरी गिऱ्हाईक. गळा एका बाजूला उतरला होता, स्पष्ट दिसत होतं. मी आरशासमोर उभी राहून म्हटलं, "छान झालाय हो."

हाच 'हो'. अगदी हाच.

पदर ओढून लग्न निभावलं आणि नंतरचे सगळे ब्लाउज मी दादरला शिवायला टाकले. पिशव्या घेऊन त्यांच्याच दारावरून जायचे. त्यांना कळलं नसेल? एवढी वर्षं मला वाटत होतं, मी किती चांगलं वागले.

ह्यावर हसू आलं, एकटीलाच. दुपारभर स्वतःची कीव करून झाली आणि निघालं काय, तर उधारी माझ्याकडेच.

असो. सुई बोथटलीय. कागदाने सुईची धार जाते, तीच नंतर कापडाला लावली तर धागे ओढते, म्हणून कागदाची सुई वेगळीच ठेवावी लागते. चौदा नंबरची मिळाली तर बघायची. स्टेशनपर्यंत जायला नको, वहिनींच्या त्या बिस्किटांच्या डब्यात असेलच एखादी. उद्या मागायला जाईन. शिवलेलं कार्डही नेईन बरोबर, मागची बाजू वर करून.

नाहीतर सरळ स्टेशनलाच जाईन. बघू.